कणझोत एकवटणारे चुंबक मुद्दाम अरेषीय का करावेत?

धरमपेठकर

नमस्कार. मी नागपुरातील एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या वर्गाला अभिजात यामिकी शिकवतो. कणत्वरकाचा विषय निघाला की दरवर्षी फळ्यावर मी एकच चित्र काढतो. कण आपल्या मार्गापासून जितका दूर सरकेल तितक्याच प्रमाणात चतुर्ध्रुवी चुंबक त्याला मागे ओढतो, आणि म्हणून कण मार्गाच्या दोन्ही बाजूंना सरल हरात्मक गतीने डोलत पुढे जातो. असा एकच चुंबक एका दिशेत झोत एकवटतो आणि दुसऱ्या दिशेत पसरवतो, पण उलटसुलट क्रमाने ठेवलेल्या चुंबकांची माळ दोन्ही दिशांनी झोत बांधून ठेवते. अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या कुरंट, लिव्हिंग्स्टन आणि स्नायडर यांनी १९५२ मध्ये हे दाखवून दिले. अथेन्समधील ख्रिस्तोफिलोस यांना हीच कल्पना त्याआधी स्वतंत्रपणे सुचली होती. १९५८ मध्ये कुरंट आणि स्नायडर यांनी तिचे पूर्ण गणित मांडले आणि आजही बहुतेक वर्तुळाकार त्वरक त्याच पायावर उभे आहेत.

या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सगळे कण एकाच वारंवारतेने डोलत असतील, तर एका कणाला घातक ठरणारा धक्का सगळ्यांनाच घातक ठरणार नाही का?" मी वर्गात जे उत्तर दिले त्याने माझेच समाधान झाले नाही. घरी आल्यावर मी अमेरिकेतील फर्मीलॅब या प्रयोगशाळेतील आयोटा या सुमारे ४० मीटर परिघाच्या प्रायोगिक वलयाविषयी पुन्हा सविस्तर वाचले. तिथे अरेषीय, म्हणजे विस्थापनाच्या सरळ प्रमाणात न ओढणारे, चुंबक मुद्दाम बसवून झोत अधिक स्थिर करण्याचा प्रयत्न चालू आहे. वाचता वाचता माझे मत असे झाले की आपण इतकी वर्षे अरेषीयतेला उगाच शत्रू मानले. गती अरेषीय असूनही तिच्यात अक्षय्य राशी, म्हणजे ऊर्जेसारख्या गतीभर न बदलणाऱ्या राशी, शिल्लक असतील, तर भिण्याचे कारण नाही. खरे संकट अक्षय्य राशी नाहीशा होण्यात आहे.

माझा प्रश्न असा आहे: अधिक तीव्रतेचा प्रोटॉन त्वरक नव्याने रचायचा असेल, तर अरेषीय केंद्रीकरण पायापासूनच स्वीकारावे, की रेषीय रचना ठेवून तिच्यावर दुरुस्त्या कराव्यात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

कन्हानकाठ

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचून मला माझे बालपण आठवले. वडील फौजेत होते आणि आम्ही कामठीच्या छावणीत राहायचो. पुलावर पोहोचले की तुकडीने पावलांची लय मोडून चालायचे असते, हे त्यांनी मला कन्हानचा पूल दाखवून समजावले होते. १८३१ मध्ये मँचेस्टरजवळचा ब्रॉटनचा झुलता पूल सैनिकांच्या एकसारख्या पावलांमुळे कोसळला होता. पुलाला प्रत्येक सैनिकाचे वजन पेलते, सर्वांची एकाच तालात पडणारी पावले मात्र पेलत नाहीत.

कणझोतातही हेच घडते. झोत एका बाजूला किंचित हलला की त्याचे विद्युतक्षेत्र निर्वात नळीच्या भिंतीत प्रवाह निर्माण करते आणि त्या प्रवाहांचे क्षेत्र मागून येणाऱ्या कणांना, किंवा पुढच्या फेरीत त्याच कणांना, धक्का देते. सगळे कण एका तालात असतील तर हा धक्का फेरीगणिक साचत जातो. प्रत्येकाची वारंवारता थोडी वेगळी असेल तर सामूहिक हालचाल विस्कटते आणि विरून जाते. लांडाऊ यांनी १९४६ मध्ये प्लाझ्मासाठी जे अवमंदन मांडले, ते त्वरकात या रूपात उपयोगी पडते.

इंदूरहून_परत

मी अनेक वर्षे इंदूरला त्वरकांच्या कामात होतो आणि आता मनीषनगरला राहतो. धरमपेठकर यांचा उत्साह मला मनापासून आवडला. तरीही यंत्र चालवणाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी मांडणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट अशी की आजचा कोणताही मोठा त्वरक पूर्णपणे रेषीय नसतो. कमीअधिक ऊर्जेचे कण वेगवेगळ्या प्रमाणात एकवटतात, आणि तो फरक भरून काढण्यासाठी षट्ध्रुवी चुंबक लागतात. आमच्या इंडस-२ या १७२.५ मीटर परिघाच्या, २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वलयातही ते आहेत. जिनिव्हाच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये तर कन्हानकाठ यांनी सांगितलेल्या अवमंदनासाठीच अष्टध्रुवी चुंबक बसवले आहेत. अष्टध्रुवी चुंबकाचे बल विस्थापनाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे मोठ्या आयामाने डोलणाऱ्या कणाची वारंवारता बदलते आणि हवा तो विस्तार मिळतो. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. हे चुंबक अक्षय्य राशी मोडतात, झोताच्या कडेच्या कणांची गती केऑटिक, म्हणजे बेभरवशाची, होते आणि ते काही हजार किंवा काही लाख फेऱ्यांनंतर भिंतीला लागतात. म्हणून आम्ही अष्टध्रुवी चुंबक मिठासारखे वापरत आलो: हवेत, पण बेतानेच.

दुसरी गोष्ट झोताच्या ऱ्हासाची आहे, आणि माझ्या मते या चर्चेच्या केंद्रस्थानी तीच असायला हवी. निसटलेला प्रोटॉन चुंबकावर आदळला की तो धातू किरणोत्सर्गी होतो. माणसाला यंत्राजवळ जाऊन हाताने दुरुस्ती करता यावी यासाठी ऱ्हास दर मीटरला सुमारे १ वॅटच्या आत ठेवावा, असा संकेत आहे. ओक रिज येथील न्यूट्रॉन स्रोताचे संचयन वलय २४८ मीटरचे आहे. १.४ मेगावॅटचा झोत धरून हिशेब केला तर दर १० हजार प्रोटॉनांमागे दोन प्रोटॉन गमावण्याचीही मुभा उरत नाही. लुंड येथील युरोपीय स्रोत तर ५ मेगावॅटसाठी रचलेला आहे. झोताच्या मध्यभागाचे वर्तन कितीही देखणे असले, तरी यंत्राची मर्यादा कडेचे हे मूठभर कणच ठरवतात.

त्यामुळे मला सुंदर समीकरणापेक्षा एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. कडेचे कण वाचतात का?

वर्धारोड_भौतिकी

मी रुग्णालयात वैद्यकीय भौतिकीचे काम करते. आमच्याकडील उपचाराच्या लिनॅकमध्ये, म्हणजे सरळ रेषेतील त्वरकात, इलेक्ट्रॉन एकदाच सरळ धावतात आणि लक्ष्यावर आदळतात. फेऱ्याच नसल्यामुळे धक्के साचण्याचा प्रश्न उद्भवत नाही, म्हणून या चर्चेतील अडचणी आम्हाला भेडसावत नाहीत. धागा मात्र मी अत्यंत आवडीने वाचत आहे.

लंबवर्तुळ

इंदूरहून_परत यांचा प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर गणिताच्या बाजूने कसे शोधले गेले, ते थोडे विस्ताराने लिहितो.

दोन मिती आणि दोन अक्षय्य राशी एवढे जुळले की कणाची गती ठरावीक पृष्ठभागांवरच राहते आणि तिथे केऑसला वाव उरत नाही. रेषीय केंद्रीकरणाच्या वलयात अशा दोन राशी असतात, पण तेथे वारंवारता सर्वांची एकच. व्हिक्टर दानिलोव्ह आणि सर्गेई नागाइत्सेव्ह यांनी २०१० मध्ये विचारलेला प्रश्न असा होता: निर्वात पोकळीत चुंबकांनी प्रत्यक्ष निर्माण करता येईल असे, म्हणजे लाप्लासचे समीकरण पाळणारे, एखादे अरेषीय क्षेत्र आहे का, ज्यात दोन्ही अक्षय्य राशी टिकतात? त्यांना असे एक कुटुंब सापडले. त्यातील क्षेत्र लंबवर्तुळीय निर्देशकांत लिहिले की चले वेगळी होतात, म्हणजे प्रश्न दोन स्वतंत्र भागांत सुटतो. ऑयलर यांनी अठराव्या शतकात दोन स्थिर आकर्षणकेंद्रांभोवती फिरणाऱ्या कणाचा प्रश्न सोडवला होता, आणि तोही याच निर्देशकांत सुटतो. इथेही आडव्या अक्षावर दोन बिंदू असे आहेत जिथे क्षेत्र अनंत होते. प्रत्यक्षातील चुंबकाचे ध्रुव त्यांच्याजवळ येतात आणि झोताला त्या दोन बिंदूंच्या मधूनच वाट काढावी लागते.

सूत्र सापडल्याने काम संपत नाही, कारण त्वरकात झोताची रुंदी जागोजागी बदलते आणि कणाला क्षेत्र सतत बदलताना दिसते. बदलत्या क्षेत्रात ऊर्जेसारखी राशी टिकत नाही. यावरचा त्यांचा तोडगा मला फार मोहक वाटतो. जिथे अरेषीय चुंबक ठेवायचा, त्या सरळ भागात झोत आडव्या आणि उभ्या दिशेत सारखाच पसरेल आणि सारखाच आवळला जाईल अशी योजना करायची. मग चुंबकाची ताकद आणि त्याचा आकार झोताच्या रुंदीबरोबर लांबीभर असा बदलत न्यायचा की, रुंदीच्या मापाने मोजणाऱ्या कणाला क्षेत्र अचलच भासेल. आयोटातील अशा चुंबकाची लांबी १.८ मीटर आहे आणि तो १८ तुकड्यांचा आहे. उरलेल्या वलयाने फक्त एक काम करायचे: चुंबकातून बाहेर पडलेला कण अर्ध्या आंदोलनाच्या पूर्ण पटीत फिरवून पुन्हा त्याच्या तोंडाशी आणायचा. असे केले की चुंबकाच्या दृष्टीने उरलेले वलय जणू अस्तित्वातच नसते.

तर्रीपोहे

चुंबक तुकड्यातुकड्याने जुळवून झोताच्या मापाला बसवण्याची ही कल्पना वाचून माझ्या शिंपी आजोबांची आठवण झाली. लंबवर्तुळ यांनी अतिशय सुबोध लिहिले आहे, त्याबद्दल त्यांचे आभार.

भाग_दोन

सरांना तो प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी मीच. सर्वांनी इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझ्या दोन शंका आहेत. अधिक तीव्रतेच्या झोतात प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, तर ते ढकलणेच मुळात अरेषीय नाही का? आणि आयोटामध्ये प्रयोग इलेक्ट्रॉनांवर झाले असतील, तर ते प्रोटॉनांना कसे लागू पडतात?

धरमपेठकर

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण त्यात सापेक्षतावादाचे एक सुंदर उदाहरण आहे. एकाच दिशेने धावणारे दोन समान प्रभार विद्युतबलाने एकमेकांना ढकलतात, पण समांतर वाहणारे प्रवाह म्हणून चुंबकीय बलाने ते एकमेकांना ओढतातही. शिल्लक राहणारे प्रतिकर्षण गॅमाच्या, म्हणजे कणाची एकूण ऊर्जा भागिले त्याची स्थिर अवस्थेतील ऊर्जा या गुणोत्तराच्या, वर्गाने भागले जाते. आयोटातील इलेक्ट्रॉन १५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे आहेत आणि त्यांचा गॅमा सुमारे २९४, म्हणजे प्रतिकर्षण सुमारे ८६ हजारपटीने कमी होते. असा झोत चुंबकांची रचना तपासण्यासाठी सुईच्या टोकासारखा वापरता येतो, कारण त्यात परस्पर ढकलण्याची भेसळ जवळजवळ नसते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथे इलेक्ट्रॉन पहिल्यांदा फिरले, आणि पुढच्या प्रयोगांत आयामाबरोबर वारंवारता बदलताना दिसली. त्याच वलयासाठी योजलेले प्रोटॉन २.५ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे आहेत. त्यांचा गॅमा १.००२७ च्या आसपास असल्याने प्रतिकर्षण जवळजवळ पूर्ण शिल्लक राहते. एकाच वलयात प्रश्नाचे दोन भाग वेगळे करून पाहण्याची ही सोय मला अतिशय विचारपूर्वक केलेली वाटते.

पहिली शंका अधिक कठीण आहे. तिचे उत्तर इंदूरहून_परत यांनी द्यावे.

इंदूरहून_परत

शंका रास्त आहे आणि माझ्या आक्षेपाचे मूळही तिथेच आहे. झोताच्या मध्यभागी प्रतिकर्षण केंद्रीकरणाला सर्वाधिक कमकुवत करते, कडेला कमी करते. त्यामुळे मधल्या कणांची वारंवारता कडेच्या कणांपेक्षा जास्त खाली घसरते. पारंपरिक वलयात एका फेरीतील आंदोलनांची संख्या सुमारे पाव आंदोलनाने घसरली की आम्ही सावध होतो, कारण एवढ्या पट्ट्यात कुठले ना कुठले अनुस्पंदन, म्हणजे धक्क्यांचा ताल जुळून आंदोलन वाढत जाण्याचे स्थान, सापडतेच. त्यात भर म्हणजे झोत आत येताना नीट जुळला नसेल, तर त्याचा गाभा फुगतो आणि आकसतो. ज्या कणाचे एक आंदोलन गाभ्याच्या दोन श्वासांइतके असते, त्याला प्रत्येक वेळी योग्य क्षणी ऊर्जा मिळत जाते आणि तो झोताबाहेरच्या प्रभामंडळात जाऊन बसतो. लॉस अॅलामॉसला ६.७ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉनांवर ५२ चतुर्ध्रुवी चुंबकांच्या रांगेत याचा मुद्दाम अभ्यास केला गेला होता.

आता माझा आक्षेप. दानिलोव्ह-नागाइत्सेव्ह यांच्या दोन अक्षय्य राशी एकट्या कणासाठी अचूक आहेत. प्रतिकर्षण आले की अचूकता गेली. कणांच्या संवेगातील फरकामुळे उरलेले वलय प्रत्येकाला नेमके अर्ध्या आंदोलनाच्या पटीत फिरवत नाही. चुंबक बसवताना राहिलेली तसूभर चूक यात आणखी भर घालते. मग शिल्लक काय राहिले?

लंबवर्तुळ

शिल्लक बरेच राहते, आणि इथे मी इंदूरहून_परत यांच्याशी असहमत आहे. कोल्मोगोरोव्ह, अर्नोल्ड आणि मोझर यांचा सिद्धान्त सांगतो की अक्षय्य राशी असलेल्या गतीला लहानसा धक्का बसला तर तिचे बहुतेक पृष्ठभाग वाकतात, पण तुटत नाहीत. त्या सिद्धान्ताच्या नेहमीच्या रूपात एक अट असते: पृष्ठभाग बदलला की वारंवारता बदलली पाहिजे. पूर्ण रेषीय गती ही अट पाळत नाही. म्हणजे ज्या रचनेला आपण इतकी वर्षे सुरक्षित समजलो, तिला हे संरक्षण लाभतच नाही, आणि वारंवारतेचा मोठा विस्तार असलेल्या अरेषीय रचनेला ते लाभते.

याचे साधे रूप झोपाळ्यात दिसते. मुलाला तुम्ही ठरावीक तालात ढकलत राहिलात, तर झोका वाढतो. आयाम मोठा झाला की झोक्याचा काळ लांबतो, तुमचा धक्का चुकीच्या क्षणी पडू लागतो आणि झोका आपोआप कमी होतो. गाभ्याच्या श्वासाने फेकला जाणारा कणही असाच, बाहेर जाता जाता तालातून सुटतो. अशा रचनेत प्रभामंडळ दबते, असे संगणकीय अभ्यासांतही दिसले आहे. संवेगाच्या अडचणीवरही विचार झालेला आहे: वारंवारतेचे संवेगावरील अवलंबन शून्य करण्याचा हट्ट सोडून ते आडव्या आणि उभ्या दिशेत समान ठेवले, तर अक्षय्यता बऱ्याच अंशी वाचते.

महालवाडा

एक ऐतिहासिक पुरवणी. अरेषीय क्षेत्रे त्वरकात पहिल्यांदाच येत आहेत असा समज होऊ नये. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील गटाने स्थिर क्षेत्राचे जे त्वरक बांधले, त्यांत क्षेत्र त्रिज्येच्या मोठ्या घातांकाने वाढत असे आणि गती मुळातच अरेषीय होती. पुढे १९६७ मध्ये एडविन मॅकमिलन यांनी एका मितीतील अशी अरेषीय गती शोधली जिच्यात अक्षय्य राशी अचूक टिकते. दानिलोव्ह आणि नागाइत्सेव्ह यांचे श्रेय असे की त्यांनी ती गोष्ट दोन मितींत, खऱ्या चुंबकांच्या आवाक्यात आणली.

रामदासपेठ

विषय थोडा बाजूला जातो आहे, पण आपल्या देशाला याचा काय उपयोग, हेही जाणकारांनी सांगावे.

इंदूरहून_परत

उपयोग थेट आहे. आपल्याकडे थोरियम विपुल आहे आणि त्वरकाने चालवलेल्या अणुभट्टीसाठी १ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा, ३० मिलीअँपिअरचा, म्हणजे तब्बल ३० मेगावॅटचा प्रोटॉन झोत हवा, असा विचार भाभा अणुसंशोधन केंद्रात पूर्वीपासून आहे. त्याची पहिली पायरी म्हणून तिथे २० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा लिनॅक उभा राहिला आहे. फर्मीलॅबच्या ८०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या नव्या अतिसंवाहक लिनॅकमध्ये मुंबई, इंदूर, कोलकाता आणि दिल्ली येथील आपल्या संस्थांचा सहभाग आहे. मात्र हे सगळे लिनॅक आहेत आणि दानिलोव्ह-नागाइत्सेव्ह यांची युक्ती वलयासाठी आहे, हा फरक विसरू नये. लिनॅकनंतर येणाऱ्या वेगवान सिंक्रोट्रॉन या वलयाकार त्वरकात तिचा विचार होऊ शकतो.

भाग_दोन

महालवाडा यांनी उल्लेख केलेली मॅकमिलन यांची गती मी काल रात्री संगणकावर चालवून पाहिली. यात क्ष म्हणजे कणाचे विस्थापन, प म्हणजे त्याचा संवेग आणि म हा स्थिरांक. दर फेरीला नवा क्ष म्हणजे जुना प, आणि नवा प म्हणजे उणे जुना क्ष अधिक २मप / (१ + प²). यात क्ष²प² + क्ष² + प² − २मक्षप ही राशी बदलत नाही, हे मी आधी कागदावर सिद्ध केले. म ची किंमत ०.९ घेतली. लहान आयामाच्या कणाची एका फेरीतील आंदोलने ०.०७२ भरली आणि आयाम खूप वाढवला की ती ०.२५ कडे सरकत गेली. वाटेत एक षष्ठांश आणि एक पंचमांश ही अनुस्पंदनाची स्थाने येतात, तरीही सर्व वक्र बंद आणि गुळगुळीत राहिले.

मग भागाकाराऐवजी फक्त पहिली दुरुस्ती ठेवली, म्हणजे १ / (१ + प²) च्या जागी १ − प² लिहिले. हा अष्टध्रुवी चुंबकाचाच धक्का झाला. मध्यभागी दोन्ही चित्रे सारखी आहेत. मात्र क्ष शून्य ठेवून प ची सुरुवात २ पासून केली, तर मॅकमिलन यांच्या गतीत कण शांतपणे फिरत राहतो आणि अष्टध्रुवीच्या गतीत तो तीन-चार फेऱ्यांतच निसटून जातो. दोन सूत्रांत एवढाच फरक आहे आणि कडेच्या कणाचे भवितव्य पूर्ण बदलते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला सरांचे म्हणणे पटले.

इंदूरहून_परत

हे काम उत्तम झाले आहे आणि मी विचारलेल्या प्रश्नाला ते थेट भिडते. आता यंत्रातील वास्तव त्यात घाला. म ची किंमत स्थिर न ठेवता दर ५० फेऱ्यांच्या आवर्तनाने ०.८८ ते ०.९२ या दरम्यान वरखाली होऊ द्या. संवेगाच्या आंदोलनामुळे खऱ्या त्वरकात असेच काहीसे होते. एक लाख फेऱ्यांनंतर बाहेरचे वक्र किती जाड होतात, ते मोजा. तो आकडा पाहिल्याशिवाय मी माझे मत बदलणार नाही, आणि तो अनुकूल निघाला तर बदलायला मला संकोच वाटणार नाही.

धरमपेठकर

मूळ प्रश्नाकडे परत येतो. पायापासून की दुरुस्ती म्हणून, असे मी विचारले होते. चर्चेनंतर मला वाटते की नवे वलय रचताना त्यातील एक सरळ भाग दोन्ही दिशांत समान रुंदीचा राखून ठेवणे आणि उरलेल्या वलयाचे फिरवणे नेमके ठेवणे, एवढे पहिल्या आराखड्यातच हवे. यंत्र उभे राहिल्यावर अशी जागा मागाहून काढता येत नाही. चुंबक सुरुवातीला बंद ठेवून रेषीय रचनेवर यंत्र चालवावे आणि ऱ्हास मोजत मोजत त्याची ताकद हळूहळू वाढवावी. इंदूरहून_परत यांची सावधगिरी आणि लंबवर्तुळ यांचा विश्वास या दोहोंनाही त्यात जागा आहे. वर्गातही यापुढे मी चतुर्ध्रुवी चुंबकानंतर लगेच मॅकमिलन यांची गती शिकवणार आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता माझ्या घरी यावर बसायचे ठरवले आहे. इंदूरहून_परत, मनीषनगरहून येणे जमेल का? भाग_दोन, येताना दोन्ही आलेख एकाच मापात छापून आणा, म्हणजे एकावर एक ठेवून पाहता येतील.

भाग_दोन

हो सर. म बदलत ठेवून आकडेमोड आत्ताच सुरू केली आहे. सकाळपर्यंत एक लाख फेऱ्या पूर्ण होतील.

इंदूरहून_परत

रविवारी नक्की येतो. फेऱ्या दहा लाखांपर्यंत न्या.